समासात लिहिणारा मालक

(यवतमाळ येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांचे आयुष्य पुस्तके सांभाळण्यात गेले. म्हणून मी आज एका पुस्तकाविषयी बोलणार आहे. त्यातही त्या पुस्तकाच्या एका विशिष्ट प्रतीविषयी. ती प्रत आज इंग्लंडमध्ये, केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. ती छापली गेली मात्र गोव्यात. तिच्या समासात लॅटिन भाषेत टिपा लिहिणारा मालक युरोपातला एक मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ होता, आणि त्याच्या त्या टिपांमुळे आपल्या मातीतल्या झाडपाल्याची माहिती युरोपभर पसरली.

ग्रंथाचे नाव लांबलचक पोर्तुगीज आहे. मराठीत त्याला ‘हिंदुस्थानातील वनौषधी आणि औषधी द्रव्ये यांविषयीचे संवाद’ म्हणता येईल. लेखक गार्सिया द ऑर्ता. गोव्यात योहानेस द एंडेम या मुद्रकाने तो छापला, आणि १० एप्रिल १५६३ ही त्याच्या छपाईची तारीख. गोव्यात छापखाना आला १५५६ साली, म्हणजे हे यंत्र या भूमीवर येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. छपाई अतिशय सदोष आहे, शेवटी जोडलेले शुद्धिपत्रच पानेच्या पाने चालते. झाडांची चित्रे एकही नाहीत. आणि तरीही या ग्रंथाची मूळ प्रत आज जगातल्या ज्या थोड्या ग्रंथालयांत आहे, तिथे ती कुलूपबंद कपाटात असते. पोर्तुगीजांचा महाकवी कामोइंश याची छापून आलेली पहिली कविताही याच ग्रंथाच्या आरंभी आहे, हे जाता जाता सांगतो.

ऑर्ता पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हिदे गावचा. स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या आणि पुढे सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यू घराण्यात त्याचा जन्म झाला. सालामांका आणि आल्काला इथे तो वैद्यक शिकला. १५३४ साली मार्तिम आफोंसो द सौझा याच्याबरोबर तो हिंदुस्थानात आला आणि परत गेलाच नाही. गोव्यात त्याने दवाखाना चालवला, बाग केली, औषधी द्रव्यांचा व्यापार केला. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. तिथे त्याचे घर होते आणि आंब्याची झाडे होती. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाचा तो वैद्य होता, त्यामुळे घाटावरचा मुलूख त्याने डोळ्यांनी पाहिलेला होता. आज पणजीत महापालिकेची बाग त्याच्या नावाने ओळखली जाते.

आपल्यासाठी एक गोष्ट विशेष आहे. दख्खनच्या सुलतानांची हकिकत सांगताना ऑर्ता वऱ्हाडच्या इमादुल्मुल्काचाही उल्लेख करतो. पोर्तुगीज त्याला ‘मद्रेमलूको’ म्हणत. आपला हा मुलूख तेव्हा एलिचपूरच्या इमादशाहीत होता. ती १५७४ साली निजामशाहीने गिळली. म्हणजे ग्रंथ छापला जात असताना वऱ्हाडची गादी अजून शाबूत होती आणि गोव्यातला एक वैद्य तिची नोंद घेत होता.

ग्रंथाची रचना संवादाची आहे. रुआनो नावाचा एक स्पॅनिश डॉक्टर नुकताच गोव्यात उतरलेला आहे. तो ऑर्ताचा विद्यार्थिदशेतला मित्र. अर्थात हे पात्र ऑर्ताने रचलेले. रुआनोने ग्रीक आणि अरब ग्रंथकार पाठ केलेले. तो विचारतो, गेलन असे म्हणतो, डायोस्कोरिडीस तसे म्हणतो, मग खरे काय? ऑर्ता सांगतो की ते झाड माझ्या अंगणात आहे, चल पाहू. मग तो मोलकरणीला, आंतोनियाला, हाक मारतो. ती फळ आणते, पान आणते, कधी एखादा पदार्थ आणते, आणि रुआनो ते हातात घेऊन वास घेतो, चाखतो. तुर्बिटवरच्या, म्हणजे आपल्या निशोत्तरावरच्या संवादात मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य येतो आणि आपल्या पद्धतीने ते औषध कसे देतात ते सांगतो. युरोपात छापल्या जाणाऱ्या तेव्हाच्या वैद्यकग्रंथांत स्थानिक मोलकरीण आणि स्थानिक वैद्य ही माणसे बोलताना दिसत नाहीत. इथे ती बोलतात.

हिरड्यांवरचा संवाद मला फार आवडतो. युरोपातल्या औषधी दुकानांत हिरड्याच्या जातीची सुकी फळे शतकानुशतके विकली जात होती आणि तिथले पंडित मानत की ही सगळी एकाच झाडाची, कमीअधिक पिकलेली फळे. ऑर्ता सांगतो, नाही, झाडे वेगवेगळी आहेत, आणि एकेकाचे इथले नाव देतो. त्याच्या पोर्तुगीज वर्णांतून ‘आवळे’ स्वच्छ ऐकू येतात. बेहड्याला तो ‘गोटिं’ म्हणतो. कोकणीत आजही बेहड्याला गोटिंग म्हणतात. पांढरकवड्याच्या, मारेगावच्या रानात बेहडे आणि आवळे गोळा करणाऱ्या आपल्या आदिवासी बायांना ही झाडे वेगळी आहेत हे सांगायला कुणा पंडिताची गरज नव्हती. ऑर्ताने मोठेपणा दाखवला तो असा की त्याने अशा माणसांना विचारले आणि ऐकलेले छापले.

तसाच पटकीचा संवाद. मोडशी हा शब्द त्याने गोव्यात ऐकला आणि पोर्तुगीजांनी त्याचे काय केले तेही नोंदवले. रोग्याची नाडी कशी बुडते, डोळे कसे खोल जातात, पोटऱ्यांत गोळे कसे येतात, काही तासांत माणूस कसा जातो, हे त्याने इतके नेमके लिहिले आहे की या रोगाच्या जुन्या वर्णनांचा विचार करताना वैद्यकाचे इतिहासकार आजही त्याच्याकडे वळतात. भांगेच्या संवादात गुजरातचा सुलतान बहादूरशाह येतो: मला रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान फिरून यावेसे वाटले की मी थोडी भांग घेतो, असे तो मार्तिम आफोंसोला सांगत असे. औषधीच्या ग्रंथात राजाची ही थट्टा टिपून ठेवणारा लेखक मनाने किती मोकळा असेल!

आता मालकाकडे येतो.

शार्ल द लेक्लूझ. विद्वानांच्या जगात त्याला क्लूसिउस म्हणतात. जन्म आरासचा, १५२६ चा. पुढे १५९३ साली तो लायडन विद्यापीठात गेला आणि तिथली वनस्पतींची बाग त्याने उभी केली. हॉलंडमध्ये ट्यूलिपच्या लागवडीला वळण देणारा माणूस म्हणून त्याचे नाव घेतात. हे सगळे नंतरचे. १५६४–६५ मध्ये फुगर या धनाढ्य घराण्यातल्या एका तरुणाबरोबर तो स्पेन आणि पोर्तुगाल फिरत होता. लिस्बनमध्ये गोव्याहून आलेली ऑर्ताच्या ग्रंथाची एक प्रत त्याच्या हाती पडली. ती त्याने आपली केली.

आणि तो लेखणी घेऊन वाचायला बसला. आपल्याला लहानपणी शिकवले जाते की पुस्तकावर लिहू नये. सोळाव्या शतकातल्या अभ्यासकाला उलट शिकवले जाई. वाचायचे ते समासात लिहीत. ऑर्ता सांगतो त्या गोष्टीचे लॅटिन नाव काय, प्राचीन ग्रंथात तिचा उल्लेख कुठे, मी स्वतः ती पाहिली आहे का, हे सगळे त्याच कागदावर. क्लूसिउसच्या हस्ताक्षरासह जी प्रत आज केंब्रिजमध्ये आहे, ती अशा वाचनाचा पुरावा आहे. गोव्यातला मुद्रक आणि फ्लँडर्समधला वाचक एकाच पानावर बसलेले तिथे दिसतात.

या वाचनातून १५६७ साली अँटवर्पच्या प्लांतँ यांच्या छापखान्यातून एक लहानसे लॅटिन पुस्तक बाहेर पडले. ऑर्ताच्या ग्रंथाचा तो सारांश होता. क्लूसिउसने संवाद मोडला, विषयवार मांडणी केली, आपल्या टिपा वेगळ्या दिसतील अशा घातल्या आणि काही चित्रे दिली. १५७४, १५७९, १५९३ अशा आवृत्त्या निघाल्या; शेवटी १६०५ च्या त्याच्या मोठ्या संग्रहात तो मजकूर आला. युरोपने ऑर्ता वाचला तो या रूपात. मूळ पोर्तुगीज ग्रंथ मात्र जवळजवळ विस्मृतीत गेला. कोंदे द फिकाल्यू यांनी १८९१ ते १८९५ मध्ये लिस्बनला त्याची टिपांसह आवृत्ती काढली आणि तिच्यावरून सर क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी १९१३ साली इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा कुठे तो पुन्हा हातात आला.

क्लूसिउसने केवढे उपकार केले हे समजायला गोव्यात पुढे काय झाले ते पाहावे लागते. १५६० साली गोव्यात धर्मचौकशीचे न्यायालय सुरू झाले होते. ऑर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १५६९ रोजी, त्याची बहीण कातारीना हिला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळले. १५८० साली खुद्द ऑर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढली आणि जाळली. ज्या गावात त्याने तीस वर्षांहून अधिक काळ रोगी बरे केले, त्या गावाने त्याचे थडगेसुद्धा राहू दिले नाही. त्याच वेळी अँटवर्पमध्ये त्याच्या नावाने पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या निघत होत्या. लिस्बनच्या बाजारात ती प्रत कुणा दुसऱ्याने घेतली असती तर काय झाले असते, हा विचार मनात येतो तेव्हा अंगावर काटा येतो.

पण मला आणखी एक सांगायचे आहे, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे. क्लूसिउसने वाचवले तसे गाळलेही. त्याच्या पुस्तकात आंतोनिया नाही. मालुपा वैद्य समोर बसून बोलत नाही. रुआनो चकित होत नाही. झाडाची माहिती राहिली, गुण राहिले, अनेक देशी नावेही राहिली. ती माहिती कुणी कुणाला कशी दिली हे गेले. अंगणात चाललेली चर्चा विद्वानाच्या टिपणवहीत बदलली. क्लूसिउसला यात दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्याच्या काळी शास्त्रीय ग्रंथ असाच लिहीत, आणि लॅटिनमध्ये नेमकेपणाने मांडलेली माहिती लांबवर पोचली. तरी मालकाच्या हातात लेखणी आली की काय राहणार आणि काय जाणार हे तो ठरवतो, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच ती केंब्रिजची प्रत मोलाची. छापील सारांश आपल्याला निकाल सांगतो. समास आपल्याला तो निकाल होताना दाखवतो, कारण त्या पानावर गाळलेले आणि घेतलेले दोन्ही एकत्र आहे.

आणि आता आपल्या घरी येतो, कारण याच प्रश्नाला आपल्या वऱ्हाडात तीनशे वर्षे आधी एक वेगळे उत्तर दिले गेले होते.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी रिद्धपुरात, नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली, श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. ज्याने लीळा पाहिली त्याच्याकडे जायचे, विचारायचे, पडताळायचे, अशी त्यांची रीत. पुढे खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. मग महानुभाव पंथातल्या माणसांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. आणि इथे त्यांनी जे केले त्याला तोड नाही. आठवणी जुळल्या नाहीत तेव्हा एक खरी ठरवून दुसरी टाकून दिली नाही. हिराइसांचा पाठ, परशरामबासांचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ अशी ज्याची त्याची आठवण नावानिशी ठेवली. महानुभाव पोथ्यांत अशा पाठभेदाला ‘वासना’ म्हणतात. हिराइसा ही बाई. तिची स्मरणशक्ती पंथात प्रसिद्ध आहे. आंतोनियाचे नाव क्लूसिउसच्या पुस्तकातून गेले; हिराइसांचे नाव मात्र सातशे वर्षे पोथीच्या आत टिकले.

एक शंका रास्त आहे. धर्मग्रंथात देवाचा शब्द गमावण्याची भीती असते, म्हणून पाठभेद जपले गेले. वनस्पतीच्या पुस्तकाला ती भीती कुठून असणार? खरे आहे. पण कारण काहीही असो, जपण्याची सवय तयार झाली, आणि ती सवय आपल्याजवळ आहे.

जुनी पोथी कधी मांडीवर घेऊन पाहा. सुटी पाने, दोन्ही बाजूंना तांबड्या शाईच्या उभ्या रेघा, आत मजकूर, बाहेर रिकामा समास. लिहिणाऱ्याकडून अक्षर सुटले असेल तर ओळीत काकपदाची खूण असते आणि सुटलेले अक्षर समासात, बरोबर ओळीचा आकडा. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप. पुढच्या वाचकाला समजावे की इथे काय होते आणि काय बदलले, एवढी काळजी. नंतर कुणा मालकाने वेगळ्या शाईने, वेगळ्या वळणाच्या अक्षरात आणखी काही लिहिलेले असते. त्या एका पानावर तीन पिढ्या बसलेल्या असतात.

या पोथ्यांचे मोल ज्यांनी या जिल्ह्यात ओळखले, त्यांत डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांचे नाव पहिले. इथल्या शारदाश्रम या संस्थेच्या द्वारे त्यांनी पोथ्या जमवल्या. त्यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा महाराष्ट्रातल्या पुष्कळ विद्वानांना या वाङ्मयाचा विस्तार पहिल्यांदा कळला. सांकेतिक लिपीत बंद असलेल्या ग्रंथांची किल्ली इतिहाससंशोधक राजवाड्यांनी आधी प्रकाशात आणली होती, पण पंथीयांचा विश्वास संपादन करून पोथी बाहेर येऊ द्यायची हे काम किल्लीपेक्षा अवघड. ते देशपांड्यांनी केले. वाशीमला सापडलेला वाकाटक विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये त्यांनी द. बा. महाजन यांच्यासह प्रथम प्रसिद्ध केला. यवतमाळात बसून एवढे काम होऊ शकते हे त्यांनी दाखवले.

मालकाच्या टिपांचे काय होते हे बहुतेक वेळा मालकाच्या हाती नसते. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने डायोफँटसच्या १६२१ च्या आवृत्तीच्या समासात आपली प्रसिद्ध नोंद लिहिली. ती प्रत हरवली. मुलाने १६७० साली वडिलांच्या टिपांसह तो ग्रंथ छापला म्हणून ती नोंद जगाला कळली, आणि तिच्यामागे गणितज्ञ सव्वातीनशे वर्षे धावले. अगदी अलीकडे, २०१९ मध्ये, फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या शेक्सपिअरच्या १६२३ च्या फोलिओतल्या टिपा कवी मिल्टनच्या असाव्यात हे लक्षात आले. ती प्रत तिथे १९४४ पासून होती. एका विदुषीने टिपांचा अभ्यास छायाचित्रांसह छापला. केंब्रिजच्या दुसऱ्या अभ्यासकाने ते अक्षर ओळखले. पहिलीने छापले नसते तर दुसऱ्याला दिसले नसते. आपल्याकडे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात बाबासाहेबांच्या संग्रहातली पुस्तके आहेत. त्यांच्या गुरूंचे, जॉन ड्यूई यांचे १९१६ चे लोकशाही आणि शिक्षण या विषयावरचे पुस्तक बाबासाहेबांनी पेन्सिलीने खुणा करत वाचले होते, आणि आज अभ्यासक त्या खुणांवरून त्यांच्या विचाराची वाट शोधतात.

म्हणून इथल्या ग्रंथालयाच्या मंडळींना मी हक्काने काही सांगतो. बांधणीसाठी पुस्तक देताना बाइंडरला बजावा की कडा कापायच्या नाहीत. त्याचे यंत्र समास सपाट करते आणि टिपणाची निम्मी ओळ कचऱ्यात जाते. अशी अर्धी कापलेली वाक्ये मी पाहिली आहेत आणि ती वाचताना जीव तुटतो. ग्रंथालयाचा शिक्का मालकाच्या सहीवर मारू नका. निर्लेखनाची यादी करताना पुस्तक ‘खराब, लिहिलेले’ म्हणून रद्दीत घालण्याआधी कुणी लिहिले आहे ते उघडून पाहा. यवतमाळ, वणी, दारव्हा, पुसद, उमरखेड इथल्या जुन्या वाड्यांत वकिलांच्या, वैद्यांच्या, शिक्षकांच्या फळ्या आहेत. घर विकले जाते तेव्हा पुस्तके वजनावर जातात. लोकनायक अण्यांसारखा संस्कृतज्ञ ज्या जिल्ह्याने दिला, तिथल्या घरांत कुणी काय वाचले हे समासाशिवाय दुसरे कोण सांगणार?

आणि एक सोपे काम. दाखल नोंदवहीत लेखक, प्रकाशक, किंमत यांच्या पुढे एक रकाना वाढवा: हस्तलिखित टिपा आहेत का, कोणत्या पानांवर, शाईने की पेन्सिलीने, मालकाचे नाव, गाव, तारीख. ज्या पानांवर टिपा असतील त्यांची छायाचित्रे काढून ठेवा. जुन्या पुस्तकांत या टिपा पुष्कळदा मोडीत असतात, आणि मोडी वाचणारी माणसे जिल्ह्यात आता मोजकीच उरली आहेत. त्यांतल्या एकाने आठवड्यातून एक संध्याकाळ इथे दिली आणि चार तरुण त्याच्यासमोर बसले, तर पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाला वक्त्याने बाहेरून विषय आणायला नको. तो इथल्याच कपाटातून निघेल.